सेन्सर बदलण्याआधी करावयाचे विधी

प्रथम साहित्य. एक मल्टिमीटर, दोन तारा जोडलेला टेललाइटचा चोवीस व्होल्टचा बल्ब, यंत्राचा वायरिंग डायग्राम (उंदरांनी न खाल्लेला), वही, पेन आणि एक मालक. मालक वेगळा आणावा लागत नाही. यंत्र बंद पडले की तो आपोआप उपलब्ध होतो आणि थोड्या थोड्या वेळाने फोन करून ‘झालं का?’ असे विचारतो.

धड्यासाठी आपण खडी क्रशरवरचा व्हील लोडर घेऊ. टायरवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज (सीईव्ही) चारचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि पाचचे १ जानेवारी २०२५ पासून. त्याआधीचा लोडर काळा धूर सोडायचा आणि गप्प बसायचा. आताचा धूर सोडत नाही, पण बोलतो फार. सायलेन्सरच्या वाटेवर उत्प्रेरक आला, त्याच्या आधी युरियाचे पाणी फवारणारा पंप आणि नोझल आले, फवारणीच्या अलीकडचे आणि पलीकडचे नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडे) मोजणारे दोन सेन्सर आले. शिवाय या सगळ्यांच्या चहाड्या ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या संगणकापर्यंत, पोचवणाऱ्या तारा आल्या. यातली सर्वांत स्वस्त वस्तू तार आहे, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

तर, पिवळा दिवा लागला आहे, बादली ढिगात घातली की इंजिन गुदमरते, आणि स्क्रीनवर अक्षरे उमटली आहेत: एसपीएन ३२२६, एफएमआय ९. आता नवशिक्याने काय करावे? रूढीप्रमाणे नॉक्स सेन्सर बदलावा. तो हजारोंच्या घरात जातो आणि विजेची वस्तू दुकानदार सहसा परत घेत नाही, त्यामुळे शिक्षण पक्के होते. ज्यांना कमी खर्चात शिकायचे आहे त्यांनी पुढे वाचावे.

पहिला आकडा कोणाबद्दल तक्रार आहे ते सांगतो, दुसरा कसली तक्रार आहे ते. ३२२६ म्हणजे बाहेरच्या बाजूचा नॉक्स. इथपर्यंत सगळे वाचतात आणि पाना उचलतात. ९ म्हणजे निरोप वेळेवर येत नाही. सेन्सर खराब आहे असे ईसीयूने कुठेही म्हटलेले नाही. सेन्सर मेला असेल, त्याला वीज मिळत नसेल किंवा तो बिचारा बोलत असेल आणि मधली तार तुटली असेल. तीनही प्रसंगी आकडा तोच. यावर थेट सेन्सर बदलणे म्हणजे फोन लागत नाही म्हणून मामांचे तेरावे उरकून घेणे.

दुसऱ्या आकड्याचे प्रकार ० पासून ३१ पर्यंत आहेत, पण तारांच्या माणसाचे पोट चारांवर भरते. ३ म्हणजे व्होल्टेज नको तितके जास्त, ४ म्हणजे नको तितके कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेले, ६ म्हणजे करंट जास्त किंवा तार बॉडीला टेकलेली. सरावासाठी दोन तारांचा साधा सेन्सर निवडावा. कुलंटच्या तापमानाचा, एसपीएन ११०, उत्तम. त्याचा कपलर काढला की ईसीयूने सोडलेले पाच व्होल्ट कुठेच खर्च होत नाहीत आणि कोड ३ येतो. हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना जंपरने जोडल्या की व्होल्टेज शून्याला येते आणि कोड ४. ईसीयू असा हुकमाप्रमाणे मत बदलत असेल तर तारा आणि ईसीयू दोन्ही शाबूत आहेत, गुन्हेगार सेन्सर. मत बदलत नसेल तर सेन्सर निर्दोष सुटला. हा खेळ प्रत्येक कपलरवर करायचा नाही. मॅन्युअल परवानगी देईल तिथेच.

नॉक्स सेन्सरचे प्रकरण निराळे. त्याची स्वतःची छोटी पेटी असते. तिच्यात वीज, अर्थ आणि निरोप नेणाऱ्या कॅन लाइनच्या दोन तारा जातात. वीज आहे का पाहण्यासाठी नवशिक्या मीटर लावतो, मीटर चोवीस दाखवतो, नवशिक्या समाधानाने मान डोलावतो. मीटर खोटे बोलत नाही, पण तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेतला एकच धागा उरला असला तरी त्याला चोवीस दिसतात. सेन्सरच्या आतला हीटर मात्र सिरॅमिक लालबुंद करायला बसलेला असतो, त्याला एका धाग्यावर भागत नाही. म्हणून साहित्यात बल्ब. कपलर काढून वीज आणि अर्थ या दोन पिनांवर तो लावावा. झगझगीत पेटला तर पुरवठा ठीक. मिणमिणला तर मागे मागे जात फ्यूज, रिले आणि चासीवरचा अर्थाचा बोल्ट गाठावा. तो बोल्ट बहुधा रंगाखाली किंवा मातीखाली सापडतो. ईसीयूच्या सिग्नलच्या तारांना मात्र हा बल्ब कधीही दाखवू नये.

दोन्ही नॉक्स सेन्सर आणि युरियाचा पंप एकाच सकाळी गेले असतील, तर तिघांचे पुरवठे डायग्रामवर कुठे एकत्र येतात ते बघावे. साथ सेन्सरांत येत नसते.

कॅनच्या तारा तपासायला मास्टर स्विच बंद करून नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांवर रेझिस्टन्स मोजावा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटले आहे. शून्याजवळ आले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. इतके स्पष्ट उत्तर या धंद्यात दुसरे मिळत नाही.

आता तो मास्टर स्विच. तो बंद करण्याआधी चावी काढून थोडे थांबावे, कारण इंजिन थांबल्यावर पंप नळ्यांतला युरिया मागे टाकीत ओढत असतो. ऑपरेटरला घरी जायची घाई असते. तो लगेच वीज तोडतो, युरिया नळीत राहतो, वाळतो, पांढरे खडे होतात आणि सकाळी नवा कोड हजर. युरियाला चढण्याची वाईट खोड आहे. कपलरमध्ये शिरला की तांब्याच्या धाग्यांमधून आत सरकतो आणि इन्सुलेशनखाली तार हिरवी होते. बाहेरून हार्नेस नवाकोरा. खडे कोमट पाण्याने विरघळतात. कुजलेली तार कापूनच टाकावी लागते. प्रेशर वॉशरची धार कपलरवर मारणाऱ्यांना काय सांगावे, ते धुतल्याशिवाय राहत नाहीत.

फवारणीच्या या द्रावणात युरिया ३२.५ टक्के असतो आणि ते उणे ११ अंशांना गोठते. म्हणून ज्या यंत्रात नळ्यांचे हीटर बसवले आहेत तिथे ईसीयू त्यांचीही हजेरी घेतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, लोडर हीटरची तार तुटल्याची तक्रार करू शकतो. हसू नये. तार शोधावी.

बाकी उपाय प्रचलित आहेतच. दिव्यावर काळी टेप लावणे हा सर्वांत स्वस्त. शेतीचा युरिया बादलीत ढवळणे हा सर्वांत महाग, कारण देशातला तो युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप घेऊन येतो आणि उत्प्रेरकाला कडुनिंब मानवत नाही. ईसीयूला फसवणारी डबी लावून देतो म्हणणारा माणूस भेटेल. ते बेकायदा आहे. आणि पुढे खरा बिघाड झाला की स्क्रीनवर सगळे आलबेल दिसते, मग शोधणार काय?

कोड पुसण्याआधी वहीत उतरवावे, चालू आणि जुने वेगवेगळे. पुसलेला कोड परत आला नाही म्हणजे बिघाड गेला असे नाही. नॉक्स सेन्सर तर थंड इंजिनावर बोलतच नाही. एक्झॉस्टमधली ओल वाळेपर्यंत त्याला गरम केले जात नाही, नाहीतर पाण्याच्या थेंबाने सिरॅमिक तडकते. तेव्हा सकाळी पहिल्या स्टार्टला ‘सेन्सर मुका आहे’ असा निकाल देऊ नये.

एवढे करून सेन्सरच मेलेला निघाला तर खुशाल बदलावा. नवा बसवल्यावर दिवा लगेच विझेलच असे नाही. इंजिन गरम करून लोडर खऱ्या ढिगावर कामाला लावावा. ईसीयूची स्वतःची तपासणी पूर्ण झाली की ताकद परत येते. तेवढ्या वेळात आशेने मास्टर स्विच बंद-चालू करत बसू नये.