नव्वद दिवसांचा व्यापार

(सुरत, डिंडोली. शनिवारची रात्र. फरशीवर ‘व्यापार’चा पट, भोवती लोचोच्या डिशा. लूम खात्यातला मास्टर, कापड बाजारातला दलाल, मराठी शाळेतले गुरुजी आणि आजच पुण्याहून आलेला भाचा. मास्टरची बायको बँक सांभाळते आहे.)

भाचा : मामा, माझ्या मुंबईवर आलात. भाडं द्या.

मास्टर : देतो की.

भाचा : कधी?

मास्टर : दिवाळीनंतर.

भाचा : अहो, खेळातलं भाडं!

मास्टर : मग खेळातल्या दिवाळीनंतर.

दलाल : पाहुणे, मी मध्ये आहे ना, काळजी कशाला? नव्वद दिवस. पटावरच्या तीन फेऱ्या म्हणजे नव्वद दिवस धरतो आम्ही. रोखच पाहिजे असेल तर वटाव कापून आत्ता देववतो.

भाचा : वटाव किती?

दलाल : पार्टी बघून. तुम्ही नवे, तुम्हाला जास्त.

भाचा : नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, भाडं जागच्या जागी द्यायचं.

वहिनी : ते पुस्तक मी लोचोच्या डिशखाली घातलं. तेल गळत होतं.

गुरुजी : नियम सरकारनेही करून पाहिला. 2024च्या एप्रिलपासून छोट्या उद्योजकाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करायचे, नाहीतर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत.

भाचा : मग मिळाले पैसे?

दलाल : माल परत मिळाला. या पटावर सगळं आहे, तुरुंग आहे, पण ‘माल परत’चं घर नाही. खेळ काढणाऱ्याने रिंग रोडचा कापड बाजार पाहिलेला नाही.

मास्टर : माझं ऐक भाच्या. मी बारा तास मागावर उभा. ताका उतरला, मिलमध्ये रंगून आला, त्याची साडी झाली, कोणी लग्नात नेसली, तिची गोधडी शिवून झाली. पेमेंट अजून वाटेत आहे.

वहिनी : आणि खोलीचं भाडं मात्र पाच तारखेला. खालच्या शेठला तेवढं नव्वद दिवस ठाऊक नाहीत.

गुरुजी : वहिनी, हा खेळ त्यावरूनच निघाला. लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी 1904 साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमीनमालक बसून खातो आणि भाडेकरू खंगतो, हे लोकांना कळावं म्हणून.

वहिनी : कळलं?

गुरुजी : लोकांना जमीनमालक व्हायचा नाद लागला. 1935 साली पार्कर ब्रदर्सने ‘मोनोपॉली’ बाजारात आणली, आणि बाईंचं पेटंट 500 डॉलरला घेऊन टाकलं.

दलाल : रोख?

गुरुजी : असावेत.

दलाल : मग वटाव कापूनच पाचशे उरले असतील.

भाचा : काका, तुम्ही तुरुंगात आहात. फासे खाली ठेवा.

दलाल : तुरुंगात आहे, मेलेलो नाही. कोलकात्याचं भाडं इकडे.

भाचा : तुरुंगात बसून भाडं?

गुरुजी : ‘मोनोपॉली’च्या मूळ नियमात तसं चालतं.

दलाल : एवढा एक नियम व्यवहार कळणाऱ्याने लिहिला!

गुरुजी : खरं तर अमेरिकेपर्यंत जायचं कारणच नाही. सतराव्या शतकात याच गावात वीरजी व्होरा होता. बंदरात आलेली मिरी सगळीच्या सगळी उचलायचा, मग म्हणेल तो भाव. इंग्रजांच्या वखारीला कर्ज द्यायचा तो.

भाचा : त्यालाच ना आम्ही लुटलं? 1664 साली. आणि 1670ला पुन्हा सुरत.

गुरुजी : आम्ही म्हणजे? तू होतास का घोड्यावर?

वहिनी : हळू बोल रे. खाली ऐकू जातं, आणि भाडं पुढच्याच आठवड्यात द्यायचंय.

मास्टर : आमच्या वेळी घोडे कुठले? नंदुरबारहून पॅसेंजरने आलो, उधन्याला उतरलो, दुसऱ्या दिवशी खात्यात.

भाचा : बरं, मामी, बँकेतून मला पाच हजार द्या. चेन्नई गहाण ठेवतो.

वहिनी : बँकेत पैसे नाहीत.

भाचा : बँकेत पैसे नाहीत?

वहिनी : भिशी लावली ना मी. पहिला नंबर दलालभावजींचा निघाला.

भाचा : चिठ्ठी कोणी काढली?

वहिनी : त्यांनीच. माझे हात पिठाचे होते.

भाचा : म्हणजे मामांचं भाडं यांच्याकडे, बँक यांच्याकडे, गुरुजींचं हैदराबाद यांच्याकडे...

गुरुजी : विकायला दिलंय. गिऱ्हाईक बघताहेत.

भाचा : अहो, खेळायला आपण पाचच जण! गिऱ्हाईक येणार कुठून? आणि असं सगळं उधारीवर चाललं तर दिवाळखोर कोण निघणार? खेळ संपणार कसा?

मास्टर : इथे दिवाळखोर कोणी निघत नाही. माणूस उठतो.

भाचा : उठतो म्हणजे?

मास्टर : आदल्या दिवशी दुकानात चहा पाजतो, तब्येत विचारतो. सकाळी शटरला कुलूप, फोन बंद. झालं उठमणं. मग घेणेकरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

दलाल : वाईट, फार वाईट. बाजाराचं नाव खराब करतात असली माणसं. वहिनी, शेवभाजीला वेळ आहे ना? तोवर खालून पान घेऊन येतो. गुरुजी, साधं की मसाला?

गुरुजी : साधं.

(दलाल जातो. शेवभाजी येते, संपते. बारा वाजतात.)

भाचा : मामा, त्यांच्या जागेवर एकही नोट नाही.

मास्टर : (फोन कानाला लावून) बंद लागतोय.

गुरुजी : चप्पल तरी आहे का बघ दारात.

भाचा : (दारातून) एक जोड आहे, मागून झिजलेली.

गुरुजी : ती त्याचीच. मग येईल.

मास्टर : गुरुजी, तुमची कुठे आहे?