ॲसिडपंत

पुण्यात वाकड, बाणेर किंवा खराडीच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये चार पोरं भाड्याने राहत असतील, तर त्यांतले एक हमखास ॲसिडपंत असतात. त्यांना ओळखायला चेहरा पाहायची गरज नाही, बाथरूम पाहिलं की पुरे. बेसिनवरच्या फळीवर बाकी तिघांचा मिळून एक साबण, एक कंगवा आणि पिळून पिळून चपटी झालेली टूथपेस्ट. उरलेली सगळी जागा ड्रॉपरवाल्या काचेच्या बाटल्यांची. त्याही उंचीनुसार नव्हे, टक्क्यांनुसार लावलेल्या. दोन टक्केवाली चुकून दहा टक्केवालीच्या जागी गेली, तर त्या रात्री फ्लॅटमध्ये सभा भरते.

पंतांचं वय तेविशी-पंचविशीचं, नोकरी आयटीतली, गाव सांगलीकडचं आणि दुखणं एकच : मुरमं. यात त्यांचा काही दोष नाही. १२ ते २४ या वयातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना कधी ना कधी ती येतातच. बाकीचे ती फोडतात, लपवतात किंवा विसरून जातात. पंतांनी त्यांचा अभ्यास केला.

अभ्यासाआधीच्या काळाबद्दल पंत फारसं चांगलं बोलत नाहीत. त्या काळात आईने बेसन-हळद थापली, मावशीने मुलतानी माती पाठवली, वर्गातल्या मित्राने टूथपेस्ट सुचवली आणि शेजारच्या काकूंनी गालावर लिंबू चोळलं. लिंबाचा विषय निघाला की पंत अजूनही बसल्या जागेवरून उठतात. "लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, त्वचेचा पाचच्या. पीएचमध्ये एक आकडा खाली म्हणजे आम्लता दहापट. तीन आकडे म्हणजे किती?" समोरचा गप्प. "हजारपट!" गणित बिनचूक आहे. फक्त ते त्यांनी काकूंना ऐकवलं ते काकूंच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा, पोह्यांच्या बशा हातात असताना.

पीएच कळल्यावर पंतांनी पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या मागवल्या. पहिला बळी गेला रूममेटच्या साबणाचा. अंघोळीच्या साध्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो; पट्टी निळीशार झाली. पंतांनी ती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली. त्या रूममेटच्या चेहऱ्यावर जन्मात एक मुरूम उठलेलं नाही आणि तो त्याच साबणाने डोकंही धुतो, हा मुद्दा पंत विचारात घेत नाहीत.

ज्ञानाच्या बाबतीत मात्र पंतांना हात लावायची सोय नाही. सॅलिसिलिक ॲसिड मुळात विलोच्या सालीतल्या द्रव्यापासून आलं, इटलीच्या राफाएले पिरियाने ते १८३८ मध्ये वेगळं केलं, डोकेदुखीवरची ॲस्पिरिन ही त्याचीच पुढची पिढी, हे सगळं ते ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा थंड होईपर्यंत सांगू शकतात. ते ॲसिड तेलात मिसळतं, म्हणून तेलाने तुंबलेल्या छिद्रात उतरतं आणि ब्लॅकहेडवर उपयोगी पडतं, हेही खरं. ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे, छिद्राच्या तोंडाशी अडकलेल्या पदार्थांचं हवेमुळे झालेलं ऑक्सिडीकरण, हेही खरं. ग्लायकोलिक ॲसिडचा रेणू फळाआम्लांच्या जातीतला सगळ्यात छोटा, म्हणून तो पटकन आत शिरतो आणि पटकन झोंबतो. व्हॅन स्कॉट आणि यू या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७४ मध्ये ही फळाआम्लांची मंडळी त्वचेवर वापरून दाखवली. ती मुरमांसाठी नव्हे, तर अंगावर खवले धरणाऱ्या इक्थिओसिस या विकारासाठी. हे शेवटचं वाक्य पंत जरा हळू बोलतात.

ग्लायकोलिक ॲसिड निसर्गात उसात सापडतं, हे पंतांनी दिवाळीला घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. वडिलांची तीन एकर ऊसशेती. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, ३० मिलीलीटर वाचलं आणि किंमत विचारली. सहाशेच्या आसपास, असं कळल्यावर ते बराच वेळ हिशेब करत बसले. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, टनाला ३,४०० रुपये होती, म्हणजे या बोटभर बाटलीत पावणेदोनशे किलो ऊस बसला पाहिजे. "कारखान्याच्या चेअरमनला सांग की रं हे," एवढंच ते म्हणाले. बाजारातलं बहुतेक ग्लायकोलिक ॲसिड रसायनांच्या कारखान्यात बनतं, त्याचा उसाशी संबंध नसतो, हे सांगायचं पंतांच्या जिवावर आलं.

त्याच मुक्कामात त्यांना वडिलांबद्दल आदर वाटण्याचा एक दुर्मीळ प्रसंगही घडला. वडिलांच्या तळपायाला कुरूप. मेडिकलमधून आणलेली कॉर्न कॅप ते वर्षानुवर्षं चिकटवत आलेले. पंतांनी तिचं पाकीट सहज वाचलं आणि त्यांचे डोळे विस्फारले : सॅलिसिलिक ॲसिड, ४० टक्के. "बाबा, तुम्ही चाळीस वापरता?" वडिलांना प्रश्न कळला नाही. पंत मात्र दोन दिवस त्या पायाकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. टाचेची कातडी जाड असते आणि गालाची पातळ, हा त्यातला फरक आईने सांगितला. तिने कसलाच अभ्यास केलेला नाही.

नावात ॲसिड असलं की पंतांचा हात खिशाकडे जातो. हायलुरॉनिक ॲसिड त्यांनी असंच मुरमांसाठी घेतलं. ते सोलत नाही की छिद्र उघडत नाही. पाणी धरून ठेवतं, इतकंच. ते पहिल्यांदा १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून काढलं गेलं, हे वाचल्यावर ती बाटली त्यांनी गावाकडच्या बॅगेतून काढून ठेवली. आता ते जिवाणूंकडून आंबवून तयार करतात, हे खरं. पण आजीला आंबवणं समजावण्यापेक्षा बाटली पुण्यात ठेवणं सोपं.

टक्क्यांचं हे वेड पंतांच्या एकट्याचं नाही. पूर्वी क्रीमच्या डबीवर गोऱ्या बाईचा फोटो असायचा आणि आत काय आहे ते मुंगीच्या अक्षरात. टोरांटोच्या डेसिएम कंपनीने २०१६ मध्ये 'द ऑर्डिनरी' आणली आणि घटकाचं नाव नि टक्का दर्शनी भागावर छापला. २०२० मध्ये जयपुरातून 'मिनिमलिस्ट' निघाली, तिनेही तेच केलं. ग्राहकाला आकडा दिसू लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने मिनिमलिस्टचा ९०.५ टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. पंतांच्या पाहण्यात आलेली ही एकच टक्केवारी, जी त्यांनी चेहऱ्याला लावून पाहिली नाही.

पंतांच्या खात्यावर एक मोठं पुण्यही जमा आहे. फ्लॅटमधला लातूरचा पोरगा मुरमांवर मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब चोळायचा. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळला, म्हणून चोळतच राहिला. पुढे कातडी पातळ आणि लाल झाली, उन्हात आग होऊ लागली आणि मुरमं दुप्पट झाली. पंतांनी ट्यूबची मागची बाजू वाचली : स्टिरॉइड. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी दुकानात नुसतं नाव सांगितलं की ती मिळतात. पंतांनी ट्यूब जप्त केली आणि पोराला त्याच दिवशी रिक्षात घालून स्किनच्या डॉक्टरकडे नेलं. स्वतः मात्र बाहेर बाकावर बसून राहिले. आपल्याला आत जायची गरज काय, असं त्यांचं मत.

कारण पंतांना टक्का कळतो, आठवडा कळत नाही.

आज गालावर दिसणारं मुरूम आतल्या छिद्रात कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेलं असतं. म्हणून मुरमांवरचं कुठलंही औषध आठ ते बारा आठवडे लावल्याशिवाय त्याचा निकाल लागत नाही. पंतांकडे रविवारी आणलेल्या बाटलीचा निकाल गुरुवारी लागतो. ती नापास झाली म्हणून बाद होत नाही, तिच्यावर दुसरी चढते. सकाळी सॅलिसिलिकचा फेसवॉश, वर सॅलिसिलिकचा टोनर, रात्री ग्लायकोलिक, त्यावर अझेलेइक. झोंबलं तर 'काम करतंय'. सालं निघाली तर 'टर्नओव्हर'. नवीन मुरमं उठली तर 'पर्जिंग'. पर्जिंग म्हणजे औषधाच्या सुरुवातीला आतली मुरमं भराभर वर येणं. ते होतं, पण काही आठवड्यांत ओसरतं; सतत लाल राहिलेला आणि पाण्यानेही चुरचुरणारा चेहरा त्यात मोडत नाही. पंतांच्या चेहऱ्यावरचं पर्जिंग गणपतीत सुरू झालं आणि होळीपर्यंत टिकलं.

बाटलीवरचं प्रत्येक अक्षर वाचणारे पंत एक ओळ मात्र नेमाने गाळतात : दिवसा सनस्क्रीन लावा. फळाआम्लांनी त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. पण सनस्क्रीन चिकट लागतं, त्यामुळे पंत रात्री ॲसिड लावून सकाळी मोटारसायकलवर हिंजवडीला जातात आणि संध्याकाळी काळवंडलेल्या नाकासाठी नवीन बाटली शोधतात.

चुलतभावाच्या लग्नाला चार दिवस राहिले आणि हनुवटीवर तीन मुरमं आली. पंतांनी शेवटचं अस्त्र काढलं : ३० टक्के फळाआम्लं अधिक २ टक्के सॅलिसिलिक, रंग रक्तासारखा लाल. बाटलीवर 'दहा मिनिटांपेक्षा जास्त नको' असं लिहिलेलं. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोललेल्या त्वचेवर लावू नका, हेही लिहिलेलं. दहाव्या मिनिटाला टीम लीडचा फोन आला. आवाज चालू, कॅमेरा बंद. पंत लाल तोंडाने वीस मिनिटं स्प्रिंटचा आढावा देत राहिले.

हळदीच्या दिवशी सांगलीत नवऱ्याचा भाऊ म्हणून पंतांनाही पाटावर बसवलं. पाच सवाष्णींनी हळद लावली. पहिल्या बोटाला पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती माया आहे बघा भावावर," आत्या म्हणाल्या. दुसऱ्या बोटाला ते पाटावरून उठले. धुतल्यावर बाकी चेहरा साफ झाला, पण सोललेल्या जागी हळद धरून बसली. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीनंतर सगळ्यात जास्त लक्ष वेधून घेतो तो मागच्या रांगेतला एक पिवळ्या ठिपक्यांचा इसम.

पुण्यात परतल्यावर लातूरच्या पोराने त्यांना रिक्षात घातलं.

डॉक्टरबाईंनी काय काय वापरलंत, असं विचारलं. पंतांनी मोबाईलवर एक्सेल शीट उघडली. बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सगळं बंद." तीन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. क्लिनिकमध्ये त्या स्वतः याहून तीव्र ॲसिडं वापरतात, पण घड्याळ लावून, समोर उभं राहून आणि कातडी धडधाकट असेल तरच. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर भाजलं की काळा डाग उठतो आणि तो जायला महिने लागतात, हेही त्यांनी आरशात दाखवलं.

तीन आठवड्यांनी त्यांनी बेंझॉईल पेरॉक्साईड दिलं, अडीच टक्के.

"मॅडम, दहा टक्केही मिळतं," पंत म्हणाले.

"मिळतं. १९८६ मध्ये अडीच, पाच आणि दहा शेजारी ठेवून तपासलंय. लाल मुरमांवर अडीचचा गुण दहाएवढाच. दहाने फक्त आग जास्त होते."

पंतांना आयुष्यात पहिल्यांदा टक्क्यांनी दगा दिला. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत म्हणतात.

या औषधाची खोड एकच, ते कापडाचा रंग उडवतं. आईने दिलेल्या निळ्या अभ्र्यावर आता पांढरट डाग आहेत आणि 'रात्री तोंडात काय धरून झोपतोस?' असं तिने फोनवर विचारलं आहे. पंत सध्या सातव्या आठवड्यात आहेत. मुरमं बरीच कमी आहेत. अभ्यास थांबलेला नाही. ऑफिसात आता ते 'स्किन बॅरिअर'वर बोलतात आणि लोकांना ॲसिड लावू नका असं सांगत फिरतात, हेही तितकंसं बरोबर नाही.

कारण ब्लॅकहेड आणि बारीकसारीक मुरमांना दोन टक्के सॅलिसिलिक चांगलं चालतं : एकच बाटली, सुरुवातीला एकाआड एक रात्री, वर मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन आणि दोन-तीन महिने कळ. तुमच्या घरी असे पंत असतील आणि बारा आठवड्यांत फरक नसेल, गाठी खोल आणि दुखऱ्या असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील, तर त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. पडलेला खड्डा मेडिकलमधल्या बाटलीने भरून येत नाही. जाताना फळीवरच्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून बरोबर घ्या. डॉक्टर आधी त्याच मागतात.