फुटलं का काही?

तुमच्याकडे काही फुटलं की अण्णा येतात. त्यांना कसं कळतं, देव जाणे. आमच्या मोरीची जुनी शहाबादी उखडायला गवंड्यानं पहिला घाव घातला आणि बेल वाजली. "सांभाळून रे, कोपरे उडवू नकोस!" असं त्याला बजावून अण्णा स्टूल ओढून दारातच बसले. दोन चहा झाले. संध्याकाळी आमची मोरी हातगाडीवरून कॉलनीच्या बागेत गेली.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून अण्णांनी ही बाग नव्यानं मांडायला घेतलीय. विकत काही आणायचं नाही आणि परदेशी काही लावायचं नाही. पुण्यात पेठेतला वाडा पडायला लागला, की लोक मयताला जातात तसे अण्णा जातात. फक्त रिकाम्या हातानं परतत नाहीत. मंगलोरी कौलं उभी पुरून वाफ्यांना काठ केलाय. एका वाड्याच्या दरवाजाचं बाक झालंय, कडीसकट. पोरं कडी वाजवून पळतात आणि बाकावर पेंगणारे आजोबा "कोण आहे?" म्हणत दचकून उठतात.

कुणी 'भंगार' म्हटलं, की अण्णा थेट चंदीगडला पोचतात. "नेकचंद रस्त्यांवरचा साधा इन्स्पेक्टर. फुटक्या बांगड्या, कपबश्या वेचून चोरून बाग केली त्यानं. शेवटी १९७६ साली सरकारलाच ती लोकांना उघडून द्यावी लागली!" यातला 'चोरून' ते जरा जास्तच प्रेमानं म्हणतात.

झाडांची मात्र ते आधी कागदपत्रं तपासतात. गुलमोहर? मादागास्करचा. गिरिपुष्प? मध्य अमेरिका. ताम्हण घरचं, शिवाय राज्यपुष्प, म्हणून ते फाटकापाशी मानानं लावलंय. बहावा, कुडा, धायटीची रोपं दुधाच्या पिशव्यांत वाढतायत. कढीलिंब आहे, पण फोडणीला पान मिळत नाही, "अळ्या जेवतायत, नंतर या." एकादशीला वहिनींनी खिचडीची बशी पुढ्यात ठेवली. "साबुदाणा, दाणे, बटाटा, मिरची. चौघंही मूळचे अमेरिकेतले. उपटून टाकू?" अण्णांनी आधी बशी रिकामी केली. मग म्हणाले, "उपासाचं वेगळं असतं."

गेल्या महिन्यात बागेच्या वाटेवर आमच्याच मोरीची फरशी माझ्या पायाखाली डुगडुगली आणि पाय मोडला. अण्णा भेटायला आले. बिचारे ओशाळले होते. "खालची रेती अजून बसली नाही. एक पावसाळा जायला हवा." मग कोपऱ्यातल्या वॉकरकडे बराच वेळ बघत राहिले.

"भाड्यानं आणलास?"

"विकत."

उठून त्यांनी त्याचे चारही पाय चाचपले, हलवून पाहिले.

"सावकाश बरा हो," ते म्हणाले. "घाई नाही. पावसाळ्याशिवाय गुळवेल काही वर चढत नाही."