प्रकल्पग्रस्त

यवतमाळातल्या आर्णी रोडच्या कुठल्याही कॉलनीत रविवारी सकाळी एक चक्कर मारा. ज्या घराचं दार सताड उघडं आहे, फरशीवर आठवड्याची वर्तमानपत्रं अंथरलेली आहेत, त्यांवर उकिडवा बसलेला चाळिशीचा गृहस्थ कानावर पेन्सिल खोचून बुटाच्या रिकाम्या खोक्याकडे डोळे बारीक करून बघतो आहे आणि त्याच्यापासून चार हातांवर एक पोरगं चहात टोस्ट बुडवून खात बसलं आहे, ते घर प्रकल्पाचं समजावं. प्रकल्प पोराचा असतो. शाळेच्या डायरीत तरी तसंच लिहिलेलं असतं.

हा बाप मुळात उत्साही नसतो, हे आधी सांगायला हवं. सोमवार ते शुक्रवार तो एखाद्या कार्यालयात बसून फायलीवर ‘पुढील कार्यवाहीस्तव सादर’ असं लिहितो आणि ती पुढच्या टेबलावर सरकवतो. घरातला गळका नळ त्याने दिवाळीपासून पाहिलेला आहे. नुसता पाहिलेला आहे. नळाला पान्याचे दोन वेढे द्यायला ज्याला सवड नाही, तो पोराच्या चौथीतल्या कार्यानुभवासाठी मात्र रात्री दोनपर्यंत जागतो. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. दुरुस्त केलेला नळ कोणी वर्गात टेबलावर मांडून ठेवत नाही.

माझ्या माहितीतला नमुना आमच्या वरच्याच मजल्यावर राहतो. मूळचे दारव्ह्याकडचे. सगळी कॉलनी त्यांना भाऊ म्हणते, मीही म्हणतो. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडची पोरं लाकडी नंदी दोरीने ओढत दारोदार बोजारा मागायला जातात. इतक्या वर्षांत त्या नंदीत कुणाला सुधारणा सुचली नव्हती, ती भाऊंना सुचली. त्यांनी खेळण्यातली मोटर बसवून नंदीची मान हलती केली. पहिल्या दोन घरी मान हलली, तिसऱ्या घरी ती नंदीला सोडून पुढे गेली. त्या घरच्या काकूंनी नंदीचे दहा आणि सांत्वनाचे दहा असा वीस रुपये बोजारा दिला. भाऊ ते यशातच धरतात.

यंदा डिसेंबरात ‘आपल्या जिल्ह्याचा वारसा’ हा विषय आला. पोराला टिपेश्वरचा वाघ करायचा होता. त्याच्या बाजूने विचार पक्का होता: पिवळा आणि काळा, दोन्ही रंग त्याच्याकडे शिल्लक होते.

“वाघ त सारेच पोट्टे बनवतीन,” भाऊ म्हणाले. “आपण शकुंतला बनवू.”

यवतमाळच्या माणसाला शकुंतला म्हटलं की कण्व मुनींचा आश्रम आठवत नाही, अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापूरला जाणारी गाडी आठवते. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीचं हे काम. इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायचा म्हणून तिने हे रूळ टाकले, आणि 1921 साली त्याच मँचेस्टरला बनलेलं एक वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ही गाडी ओढत राहिलं. पुढे डिझेल आलं, मग गाडीच बंद झाली. हे सगळं भाऊंनी पोराला शनिवारी रात्री सांगितलं. पोरगं “हो बाबा” म्हणत झोपी गेलं, तेव्हा उरलेलं मला सांगितलं.

रविवारी सकाळी माप काढलं. कागदी रुळांची रुंदी चार सेंटिमीटर, म्हणजे प्रमाण साधारण एकास एकोणीस. त्या हिशेबाने मूर्तिजापूरपर्यंतचे 113 किलोमीटर दाखवायचे तर सहा किलोमीटर रूळ कापावे लागत होते. भाऊ खरोखर विचारात पडले. 2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत नव्या मोठ्या रुळांवर गाडी सुरू झाली आहे, हे पोराला ठाऊक होतं. ते म्हणालं, “बाबा, कळंबचीच बनवू ना. रूळ कमी लागतीन.” त्या दिवसभरात कामाची म्हणावी अशी सूचना ही एकच आली आणि ती ताबडतोब फेटाळली गेली.

“मंग मी काय करू?”

“तू पाह्य फक्त.”

पोरगं पाहू लागलं. मला ‘जरा बोट धरा’ म्हणून वर बोलावलं होतं, आणि प्रकल्पाच्या घरी ‘जरा’ म्हणजे फेविकॉल वाळेपर्यंत हे मला माहीत असायला हवं होतं. मी इंजिनाच्या बुडाशी बोट लावून बसलो. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“अवो, तिखटाच्या डब्याचं झाकन कुठी गेलं?”

“ते मागचं चाक आहे.”

“अन् हयदीचं?”

“समोरचं. हात नोको लावू, वाळून रायलं.”

दुपारी बाराच्या सुमारास त्या घरातला एकही डबा झाकलेला नव्हता. मिठाच्या बरणीवर पोराची भूगोलाची वही ठेवली होती. पोळ्यांचा पत्ता नव्हता, कारण पोळपाटावर लाडखेड स्टेशन वाळत होतं.

धुरासाठी कापूस लागणार होता. दुकानात वैद्यकीय कापसाची गुंडाळी मिळते, पण जिल्ह्याचा वारसा दाखवायचा आणि कापूस औषधाच्या दुकानातला, हे भाऊंच्या तत्त्वात बसेना. वेचणीचे दिवस. गावाहून भावाने एसटीच्या कंडक्टरबरोबर पिशवीभर कापूस पाठवला. तो अर्थात शेतातून आला तसा, सरकीसकट. धुराड्यात खोचल्यावर सरकीच्या वजनाने धूर खाली वाकला. तेवढ्यात आजी आतून काठी टेकत आल्या. त्यांचं माहेर लाडखेडचं, शकुंतलेत बसलेली त्या घरातली एकुलती व्यक्ती. त्यांनी गाडी दोन्ही बाजूंनी पाहिली.

“असी कुठी होती शकुंतला? तिचा धूर वर जाये. तुह्या गाडीचा धूर त म्हशीच्या शेपटावानी लोंबून रायला.”

जाणकारांचं मत कुठल्याच प्रकल्पात विचारात घेत नाहीत, इथेही घेतलं नाही.

आता मुख्य भाग. इंजिनाचा बॉयलर थर्माकोलचा होता. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे. पण भाऊंनी त्याआधीच्या गणपतीचं मखर माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून जपलं होतं. त्याचा एक खांब कापून, ब्लेडने तासून, पॉलिश पेपरने घासून त्यांनी असा काही गोल बॉयलर काढला होता की मी बोट न काढता मनापासून वा म्हटलं. शाळेने दिलेल्या यादीत रंग म्हणून ‘पोस्टर कलर’ लिहिलं होतं. ती डबी पोराच्या दप्तरात आठवडाभर पडून होती. पण इंजिनाला चकाकी हवी, म्हणून भाऊ दत्त चौकातून गाड्यांना मारायचा काळा स्प्रे घेऊन आले.

डबा हलवला. आतली गोळी टकटक वाजली. सगळ्यांना मागे सरकायला सांगून त्यांनी एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारा मारला. आणि खरं सांगतो, काही क्षण ती गाडी इतकी सुंदर दिसली की आजीसुद्धा गप्प झाल्या. ओला, काळाभोर, लखलखीत बॉयलर.

मग बारीक कुरकुर ऐकू आली. बॉयलरवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडली. छिद्रं शेजारच्या छिद्रांत मिसळली. धुराडं ताठ उभ्याउभ्याच आत जाऊ लागलं.

“बाबा, गाडी बसून रायली,” पोरगं म्हणालं.

“पयला हात आहे. दुसऱ्या हातात भरून येते,” असं म्हणून भाऊंनी खड्ड्यांवर आणखी स्प्रे मारला. खड्ड्यांवर वरून काळं ओतलं की ते बुजतात, ही समजूत त्यांनी आपल्याकडच्या रस्त्यांवरून घेतली असावी. दुसऱ्या हातात बॉयलर मधोमध फाटला, ड्रायव्हरची खोली पुढे झुकून त्यात पडली आणि लोंबता धूर तेवढा सरकीसकट वर तरंगत राहिला.

याचं शास्त्र साधं आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, त्यात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवा. अशा स्प्रेमध्ये टोल्युइन, ॲसिटोन यांसारखी द्रावकं असतात, ती पॉलिस्टायरीन विरघळवतात. हवा निघून जाते आणि उरलेले दोन भाग चिकट होऊन खाली बसतात. पाण्यात कालवायच्या पोस्टर कलरने यातलं काही झालं नसतं. हे मी भाऊंना समजावून सांगितलं, पण वेळ चुकली. पोराने मात्र नीट ऐकलं.

“मंग आपण इतक्या वेळचे हवेले रंग मारून रायलो होतो काय?”

भाऊंनी उत्तर दिलं नाही. वहिनीही काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं असेल. त्यांनी चिमट्याने एकेक चाक उचललं, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं आणि आपापल्या डब्यावर बसवलं. तिखटाचं झाकण अजून काळं आहे. स्टेशन पोळपाटाला कायमचं चिकटलं होतं, म्हणून रात्री पोळ्या परातीच्या पाठीवर लाटल्या.

हा बाप हरला असं तुम्हाला वाटेल, तर तुम्ही त्याला ओळखत नाही. आयुष्यभर फायली पुढे सरकवलेल्या माणसाला एक विद्या नक्की येते: काम बिघडलं की विषयाचं नाव बदलायचं. रात्री अकराला भाऊंनी मैदानातून वाळकं गवत उपटून आणलं, रुळांमध्ये खोचलं, वितळलेल्या इंजिनावर चिमूटभर माती भुरभुरवली आणि पाटीवरचं ‘आपली शकुंतला’ खोडून लिहिलं, ‘शकुंतला : सद्यःस्थिती’.

सोमवारी स्कूटरवर मागे बसून पोराने तो वारसा मांडीवर धरून शाळेत नेला. ज्या गाडीवर सभांमधून इतकी वर्षं भाषणं झाली, तिचं एवढं खरं चित्र कुणी मांडलं नव्हतं. बाईंनी वहीत ‘अत्यंत वास्तवदर्शी’ असा शेरा दिला आणि ‘स्वतः केल्याचं दिसतं’ असंही लिहिलं. तो शेरा भाऊंनी वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. वणीच्या कोळसा खाणीत खरा कोळसा वापरणाऱ्या एका बापाने त्यावर नुसता अंगठा दाखवला. त्या अंगठ्यात किती दुःख होतं ते प्रकल्प केलेल्यालाच कळेल.

आता फेब्रुवारीचा विषय आला आहे: ‘पाणी’. भाऊ बाभूळगाव तालुक्यातलं बेंबळा धरण करणार आहेत. बेंबळ्याचं पाणी यवतमाळच्या नळांना यावं म्हणून शहराने वर्षानुवर्षं वाट पाहिली. भाऊ ते एका रविवारात आणतील याबद्दल मला शंका नाही. भिंत थर्माकोलची नाही, प्लॅस्टर ऑफ पॅरिसची आहे, दारं उघडझाप होणारी आहेत आणि पाणी खरं सोडणार आहेत. हॉलमध्येच. ज्या कुणा वाचकाकडे ताडपत्री पडून असेल, त्यांनी कृपया कळवावं. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो.