दारात ट्रॅक्टर, रानात घाणेरी

भाताची झोडणी उरकली की भोर-वेल्ह्यातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो : यंदा वरचं रान साफ करायचं. निकड खरी आहे. आज्यानं जिथं नाचणी-वरई पिकवली ते वरकस रान बापानं सोडलं, पोरं शिरवळच्या कंपन्यांत नाहीतर पुण्यात कामाला लागली, आणि मागं घाणेरी, करवंद, रानमोडी पुरुषभर वाढली. डुकरांना दिवसा लपायला आयती जागा झाली. रात्री तीच डुकरं खाली उतरून खाचरातलं भात लोळवतात. रान साफ झालंच पाहिजे. पण हल्ली हे बोलणं ज्या वाक्यावर येऊन थांबतं, ते वाक्य मला घातक वाटतं : "त्यापेक्षा एक छोटा ट्रॅक्टरच घेऊन टाकू."

नका घेऊ. या कामासाठी तर नकाच.

रान मोडणं आणि शेत कसणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एकदा करायचं, दुसरं दरवर्षी. पंधरा ते चोवीस हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर बनवला आहे तो बागेतल्या दोन ओळींमधून जायला, भुसभुशीत जमिनीत रोटाव्हेटर फिरवायला. करवंदाची जुनी जाळी मुळासकट ओढायला लावली तर त्याची पुढची चाकं उचलतात. उतारावर आडवा घातला तर कलंडतो, आणि कलंडला की चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. रोटाव्हेटरची पाती मुरमातल्या दगडांवर आपटून वाकतात. आणि घाणेरी? वरून तिचा भुगा होतो, खालचा गड्डा शाबूत राहतो, पहिल्या वळवाला ती पुन्हा फुटते. पाच लाखांचं यंत्र दारात उभं आणि रानात घाणेरी तशीच, असं चित्र पाहायचं नसेल तर आधी वहीत आकडे मांडा.

मांडूनच दाखवतो. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून पाच लाख धरू. एक लाख हातचे, चार लाख कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता सहामाही. एक हप्ता येतो सुमारे ५३ हजारांचा, म्हणजे वर्षाला एक लाख सहा हजार. अल्पभूधारकाला, महिलेला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळू शकतं, बाकीच्यांना एक लाखापर्यंत. सव्वा लाख वजा केले आणि ट्रॅक्टर दहा वर्षं चांगला चालला असं मानलं, तरी तो नुसता बाळगायला वर्षाला पन्नास हजार लागले. दुरुस्ती, टायर, विमा यात धरलेलं नाही. आता भाड्याचा ट्रॅक्टर तासाला हजार रुपये धरा आणि घरच्या ट्रॅक्टरला तासामागं डिझेल-तेलाचे साडेतीनशे. वाचले साडेसहाशे. मग बरोबरी साधायला वर्षाला पाऊणशे ते ऐंशी तास तरी तो चालला पाहिजे. दोन एकर भात आणि एकरभर नाचणी असलेल्या घराला नांगरट, चिखलणी सगळं धरून पंचवीस-तीस तासांपलीकडं काम नसतं. उरलेले पन्नास तास कुठून आणणार? तुमच्या गावचे दर वेगळे असतील तर ते घाला आणि पुन्हा भागाकार करा. पण खरेदीच्या आधी करा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि विकणाऱ्यांच्या बोलण्याला जोर चढला. किंमत उतरली हे चांगलंच झालं. त्यानं आपलं खाचर मात्र वावभरसुद्धा रुंद झालेलं नाही.

खाचर अरुंद का राहिलं, हेही एकदा मोठ्यानं बोललं पाहिजे. आपल्या खोऱ्यांतली सपाट, काळी, नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली. वेळवंडीवर भाटघरचं धरण झालं १९२० च्या दशकात. त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. भाटघर आणि नीरा देवघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली जातं आणि बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसची सपाट रानं भिजवतं. तिथं ट्रॅक्टर सरळ रेषेत दोनशे मीटर जातो आणि मग वळतो. आपल्याकडं राहिला उतार, आणि त्या उतारावर आज्या-पणज्यांनी दगडी ताली रचून केलेली पट्टीसारखी खाचरं. तिथं ट्रॅक्टरचा निम्मा वेळ वळण्यात जातो, आणि वळताना तालीचा कोपरा ढासळतो. जाहिरातीतला ट्रॅक्टर खालच्या तालुक्यांतल्या मातीसाठी आहे. आपली माती त्यांच्या उसाला पाणी देते. त्यांची अवजारं आपण जशीच्या तशी उचलायची काही गरज नाही.

कापूरहोळ, नसरापूर, किकवीच्या पट्ट्यात ज्यांची पाच-सहा एकर सलग सपाट जमीन आहे, भाजीपाला बारा महिने आहे, शेजाऱ्यांचंही काम मिळणार आहे, त्यांनी जरूर घ्यावा. त्यांचा भागाकार वेगळा येईल. पण मळे, पासली, कुरुंजी, हिर्डोशीकडच्या घरांनी त्यांच्याकडं बघून घेऊ नये.

मग भाड्यानं. इथंही घाई नको, कारण आपल्याकडं रान मोडायला भाड्यानं म्हणजे थेट जेसीबी. साडेसात टनांच्या आसपास वजनाचं ते धूड तासावर येतं किंवा उक्तं येतं. उक्तं कधीच देऊ नका. उक्त्या कामात मालकाचा फायदा लवकर उरकण्यात असतो, आणि लवकर उरकायचं म्हणजे पुढच्या रुंद लोडरनं झाडोरा आणि माती एकदमच खरवडून बांधाला नेऊन ढकलायची. संध्याकाळी रान स्वच्छ दिसतं. दिसतं तो मुरूम असतो. आपल्या डोंगरउतारावर कसदार माती कुठं वीतभर, कुठं चार बोटं. ती एकदा ढिगात गेली की पुढची कित्येक वर्षं तिथं नाचणीसुद्धा धड उभी राहत नाही. शहरातल्या माणसांनी घेतलेल्या फार्महाऊसच्या प्लॉटांवर हे सर्रास चाललं आहे. पानशेतच्या रस्त्यानं जाताना डोंगराला पडलेले तांबडे पट्टे सगळ्यांनी पाहिलेत. शेतकऱ्यानं तरी तो मार्ग धरू नये, कारण त्याला त्या जमिनीत पिकवायचं आहे.

जेसीबी आणायचाच तर तासावर आणा, आणि तो चालू असेपर्यंत घरचं एक माणूस रानात उभं ठेवा. ड्रायव्हरला पहिल्याच मिनिटाला सांगा : "दादा, मागच्या बकेटनं काम करायचं, पुढच्यानं नाही." मागच्या बकेटचे दात जाळीच्या बुडाशी घालून एकेक बुंधा उचलता येतो, माती तिथंच झडते. वेळ थोडा जास्त लागतो, पैसेही. ते द्या. उचललेला काडीकचरा उतारावर आडवा, समपातळीत लावून घ्या, म्हणजे पावसात वाहून येणारी माती त्याला अडते. तालीजवळ यंत्र नेऊ नका, तिथलं काम हातानं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हंगाम. आपल्याकडं हे काम मे महिन्यात निघतं, कारण पोरं तेव्हा सुट्टीला येतात. मेमध्ये रान उघडं केलं आणि जूनमध्ये घाटमाथ्याचा पाऊस आला, तर ती सगळी माती थेट भाटघरच्या पाण्यात जाऊन बसते. नोव्हेंबर-डिसेंबरात जमिनीत अजून ओल असते, मुळं सुटून येतात, आणि पावसापर्यंत तिथं गवताचं बुड धरायला, बांध नीट करायला वेळ मिळतो.

मी एवढं कळवळून लिहितो त्याला कारण आहे. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. गावावरच्या उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडं तेव्हा अनेकांनी बोट दाखवलं. काही अभ्यासकांनी अतिवृष्टी आणि डोंगराची घडण ही मुख्य कारणं सांगितली. तो वाद इथं मिटवायचा नाही. पण आंबेगाव-जुन्नरच्या महादेव कोळ्यांची पडकई ही मूळची पद्धत काय होती, ते आठवावं. आठ-दहा घरांनी एकत्र यायचं, आळीपाळीनं एकेकाच्या उतारावर पहार-कुदळीनं खाचर पाडायचं, दगड त्याच जागचे लावून बांध घालायचा. हाताच्या वेगानं चाललेल्या त्या कामात डोंगराला सावरायला सवड मिळायची. पुढं पडकई हे नाव सरकारी योजनेला दिलं गेलं आणि कामाला यंत्रं आली. आठवड्यात डोंगराचा आकार बदलायची ताकद आपल्या हातात आली आहे, आणि ती तासाच्या भाड्यानं मिळते. आपल्या घरावरचा उतार तिच्या हवाली करताना माणसानं दहादा विचार करावा.

कायद्याचंही बघून घ्या, नाहीतर ट्रॅक्टरच्या हप्त्याऐवजी दंड भरत बसाल. ऐन, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस, मोह, किंजळ, साग ही झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि तोडायची तरी कशाला? हिरड्याचा बाळहिरडा विकला जातो, जांभळाखाली माती धरून राहते. सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त १९७५ च्या खाजगी वने कायद्याची नोंद असेल तर यंत्र बोलवायच्या आधी तलाठी आणि वनखात्याकडं जा. रानातला मुरूम गाडीत भरून बाहेर द्यायचा विचार कुणी सुचवला तर तो गौण खनिजाचा मामला होतो. तहसीलदाराची परवानगी आणि स्वामित्वधन भरल्याशिवाय तो करू नये. आणि काडी लावून रान मोकळं करायचं तर अजिबात नाही. तुमच्या बांधावरची एक काडी शेजारच्या राखीव जंगलात गेली की राजगड-तोरण्याच्या कुशीतली डोंगराची आख्खी बाजू जळते, आणि त्यानंतर तिथं सगळ्यांत आधी उगवते ती घाणेरीच.

घाणेरीचा खरा इलाज यंत्रापाशी नाहीच. ही बाई मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजी अमदानीत बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून इथं आली. पाखरं तिची फळं खातात आणि बी सगळीकडं पेरतात. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी सांगितलेली पद्धत साधी आहे : झुडपाचं मुख्य मूळ जमिनीच्या खाली दोन-तीन बोटांवर कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मग दोन-तीन वर्षं पावसाळ्यात फिरून नवी रोपं उपटायची. लहान असताना ती हातानं येतात. हे काम माणसांचं आहे. कोयता, कुदळ, पहार, चार बायामाणसं, आठ-दहा दिवस. जिथं जाळी फारच जुनी, तिथं अर्धा दिवस मागच्या बकेटचा जेसीबी. बहुतेक वरकस रानांना एवढं पुरतं, आणि त्याची मजुरी ट्रॅक्टरच्या एका सहामाही हप्त्यात बसू शकते. शिवाय तो पैसा गावातच राहतो. रोजंदारीसाठी पहाटेच्या टेम्पोनं नर्सरीत आणि हॉटेलांत जाणाऱ्या आपल्याच वाडीतल्या बायांच्या हातात पडतो.

राहिलं दरवर्षीचं काम, चिखलणीचं. बैल गेले. ज्यांनी पाळले त्यांची कदर आहे, पण दोन एकरांसाठी बारा महिने जोडी पोसणं आता परवडत नाही हे मान्य करायला हवं. त्या जागी आपल्या खाचराला शोभतं ते यंत्र म्हणजे पॉवर टिलर. लोखंडी चाकं लावली की चिखलात उतरतो, तालीच्या कडेला माणूस चालत वळवतो, एका खाचरातून दुसऱ्यात फळीवरून नेता येतो. किंमत ट्रॅक्टरच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी. आणि तोही एकट्यानं घेऊ नका. इर्जिकीला जी चार घरं एकमेकांकडं जात होती, त्याच चार घरांनी मिळून घ्या. कोण आधी, कोण नंतर, डिझेल कुणाचं, मोडला तर कोण भरणार, हे कागदावर लिहून सह्या करा. इंद्रायणीची रोपं एकवीस-पंचवीस दिवसांची झाली की लावणीला सगळ्यांना एकाच आठवड्यात घाई असते, आणि भावकीचं भांडण त्याच आठवड्यात पेटतं. पाळी जिथं आधी पाणी साठतं तिथून लावली, तर बराच तंटा वाचतो.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : पूर्वसंमती पत्र हातात येईपर्यंत यंत्र विकत घ्यायचं नाही. विक्रेता म्हणेल, आज घेऊन जा, अनुदान मागाहून येईल. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असलं की अर्ज बाद होतो, आणि हप्ता मात्र सुरू झालेला असतो.

एक मागणी विकास सोसायट्यांकडं आणि ग्रामपंचायतींकडं. अवजारे बँकेला सरकारची मदत आहे, शेतकरी गटांना ती घेता येते. भोर-वेल्ह्यातल्या बँकांत मोठे ट्रॅक्टर नकोत. वाडीगणिक एक पॉवर टिलर, दोन वीडर, एक भाताची कापणी करणारं छोटं यंत्र, आणि दुरुस्ती येणारा गावातलाच एक पोरगा, ज्याला सोसायटीनं पगार द्यावा. भाड्याचे दर आणि पाळीची यादी मे महिन्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि चावडीवर लावावी. डिसेंबरात रान मोडायला जेसीबी लागणार असेल, तर आठ घरांनी मिळून एकच बोलवावा, दर एकदाच ठरवावा, आणि ड्रायव्हरला मागच्या बकेटची अट सोसायटीच्या कागदावर लिहून द्यावी.