उन्हाळी शिकवणीचे लाभ व तत्संबंधी पालकांस सूचना

शाळकरी मुलांना वर्षातून महिना-दीड महिना काहीही न करण्याची जी मुभा पिढ्यानपिढ्या मिळत आली, आणि जिला निजामाच्या राजवटीत, 1948च्या पोलीस कारवाईनंतर किंवा 1 मे 1960 नंतरही कोणत्याच सरकारने हात लावण्याचे धाडस केले नाही, ती मुभा लातूर व नांदेड या दोन शहरांनी गेल्या दोन-तीन दशकांत, कोणताही हुकूम न काढता, कोणतेही राजपत्र न छापता, केवळ पालकांच्या स्वयंस्फूर्त दरखास्तींच्या बळावर जवळजवळ रद्दबातल केली. एवढ्या मोठ्या बंदोबस्ताची नोंद आमच्या इतिहासकारांनी अद्याप घेतलेली नाही. ती उणीव भरून काढावी, आणि ज्या थोड्या घरांत मूल अजूनही मे महिन्यात दुपारी ओसरीवर लोळताना आढळते त्या घरांस योग्य मार्ग दाखवावा, एवढ्याच हेतूने पुढील सूचना लिहिल्या आहेत.

प्रथम या विद्येची परंपरा समजून घेणे इष्ट आहे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जो पदार्थ महाराष्ट्रभर ख्यातनाम झाला, तो मुळात शिकवणी वर्गात शिजलेला नव्हता. 1970 साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे, आणि त्यांच्यामागून प्राचार्य अनिरुद्ध जाधव, यांच्या अमदानीत त्याची घडण झाली. दयानंद महाविद्यालयासारख्या संस्थांनीही तो मार्ग चोखाळला. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उरलेल्या महिन्यांत सराव परीक्षांमागून सराव परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका खरोखरच तपासायच्या, आणि चूक कुठे झाली हे विद्यार्थ्याला समोर बसवून सांगायचे, इतके साधे त्याचे सूत्र होते. ज्या प्रदेशाला मागासलेला म्हणण्याची पुण्या-मुंबईस सवय होती, त्या प्रदेशातील मुले बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागल्यावर, हे चालले आहे तरी काय ते पाहण्यासाठी दूरदूरचे लोक लातुरास येऊ लागले. या पद्धतीत आजच्या दृष्टीने दोष एकच होता: हे सर्व वर्गात घडे, आणि नेमणुकीवरील प्राध्यापकच ते करीत. पुढे बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणे बंद केले, 2013 साली प्रथम व 2016 पासून देशभर कायमची वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आली, आणि पॅटर्न महाविद्यालयाच्या फाटकातून बाहेर पडून समोरच्या रस्त्यावरील तीन मजली इमारतीत भाड्याने राहू लागला. लातुरात त्या वस्तीला लोक सरळ ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात. शहराच्या एखाद्या भागाला तेथील देवळाचे, पेठेचे वा पुढाऱ्याचे नाव न मिळता तेथील धंद्याचे नाव मिळावे, हा मान पूर्वी तांबटांना व कासारांना होता.

आता मुलाचे वय. हा प्रश्न पालक उगाच नाजूक करून ठेवतात. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलास शिकवणी केंद्रात प्रवेश देऊ नये असे सुचविले आहे. आणि शिक्षण हक्काच्या 2009च्या कायद्यात, कलम 28 अन्वये, शाळेतील शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे. सुज्ञ पालकाने हे दोन्ही दस्तऐवज आदरपूर्वक वाचावेत व आदरपूर्वक घडी करून कपाटात ठेवावेत. सातवी पास झालेल्या मुलासाठी जी बॅच असते तिला ‘शिकवणी’ म्हणत नाहीत, तिला ‘फाउंडेशन’ म्हणतात. आणि पाया घालण्यास वयाची अट असल्याचे कोणत्याही बांधकाम खात्याने आजवर म्हटलेले नाही.

वर्गाची निवड फ्लेक्सवरून करावी. नांदेडात श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर या बाजूंनी सकाळी एक फेरी मारली, तर गतवर्षीच्या यशवंतांची छायाचित्रे, त्यांखाली 720 पैकी मिळालेले गुण, आणि मध्यभागी हात बांधून उभे असलेले ‘सर’ असा देखावा ओळीने दिसतो. एकच विद्यार्थी दोन वेगवेगळ्या वर्गांच्या फ्लेक्सवर सारखाच हसताना आढळल्यास संशय घेऊ नये. गोकुळात प्रत्येक गोपीस कृष्ण आपल्याच शेजारी दिसत असे, त्याबद्दल कोणी फिर्याद दाखल केल्याचे भागवतात नमूद नाही. 2024 साली नीटसाठी सुमारे 24 लाख मुलांनी नावे नोंदविली होती, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात एक लाखाच्या थोड्या वर होत्या. उरलेल्या सुमारे 23 लाखांची छायाचित्रे लावायची म्हटल्यास गोदावरीच्या दोन्ही काठांना कापड पुरायचे नाही, म्हणून ती लावीत नाहीत, एवढेच त्यामागील कारण समजावे.

फीची तजवीज हा पुरुषार्थाचा भाग होय. लातूरच्या आडत बाजारात तूर व सोयाबीनचे भाव रोज बदलतात, पण फीचा भाव एकाच दिशेने बदलतो, त्यामुळे हिशेब सोपा जातो. भाव वाढेल या आशेने दिवाळीपासून सोयाबीन घरात ठेवून बसलेल्या कास्तकाराने एप्रिल अखेरीस आशा व सोयाबीन दोन्ही विकून पहिला हप्ता भरावा. दुसरा हप्ता जूनमध्ये, म्हणजे नेमका बी-बियाणे व खताच्या वेळी येतो; त्या वेळी पेरणी महत्त्वाची की पोरगा, असा सवाल काउंटरवरील तरुणाने अत्यंत विनयाने केल्यास त्याचे उत्तर देण्याच्या भरीस पडू नये. पैसे मोजावेत.

इथे एक विसंगती नमूद केल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हाच कास्तकार रब्बीचे पीक निघाले की आपली काळी जमीन खोल नांगरतो, आणि मग संपूर्ण मे महिना तिच्याकडे पाहतही नाही. ढेकळे उन्हात तापली पाहिजेत, तळातली कीड मेली पाहिजे, भेगा पडल्या पाहिजेत, म्हणजे मृगाचे पाणी आत मुरते, हे तो कोणत्याही कृषी विद्यापीठास विचारल्याविना जाणतो. उन्हाळ्यात रान रिकामे का ठेवले असे त्याला विचारणाऱ्यास तो वेड्यात काढील. तोच मनुष्य तेराव्या वर्षीच्या मुलाला महिनाभर तापत, भेगाळत, रिकामे पडू देण्यास मात्र तयार नसतो. या विसंगतीवर तज्ज्ञांचे समाधान असे आहे की, जमिनीला नीट द्यायची नसते.

राहण्याची व्यवस्था कॉटच्या हिशेबाने होते. एका खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटखाली एक पत्र्याची पेटी, आणि भिंतीवर मूलद्रव्यांची आवर्त सारणी. एवढ्या सामग्रीवर घरमालकाच्या वरच्या मजल्याचे बांधकाम दोन-तीन हंगामांत पुरे होते, तेव्हा शिकवणीचे लाभ केवळ विद्यार्थ्यासच होतात हा समज चुकीचा आहे. पाण्याची चौकशी मात्र आधी करावी. 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातुरास पाणी आणावे लागले होते. परगावचे पाणी लातुरात, लातूरची कीर्ती परगावी, अशी ती देवघेव झाली.

डब्याचा विषय स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. मेसचे जेवण ज्याला मानवत नाही, किंवा मानवले तरी ज्याच्या आईला ते पटत नाही, त्याच्यासाठी गावाहून एसटीने डबा येतो. पहाटे उठून केलेल्या भाकरी फडक्यात बांधून, झाकणाला दोरी आवळून, वर मुलाचे नाव व शहराचे नाव लिहून, माउली तो फाट्यावर थांबलेल्या गाडीच्या वाहकाकडे सोपविते. आणि बसस्थानकावर, मुखेड, कंधार, उदगीर, अहमदपूर येथून येणाऱ्या गाड्यांभोवती पाठीला दप्तर लावलेली पोरे आपापला डबा हुडकीत उभी असतात. या व्यवस्थेस कोणताही करारनामा नाही, तरी डबा चुकत नाही. मराठवाड्यातील कोणतेही खाते इतके चोख चालत असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. सूचना एवढीच, की उन्हाळ्यात या डब्यातून आमरस पाठवू नये. इंजिनाच्या शेजारी दोन-तीन तास ठेवल्यास तो आंबतो, आणि मुलगा तो तसाच पिऊन ‘चांगला होता’ असे फोनवर सांगतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठविला जातो. पाठवायचेच तर कैरीचे लोणचे पाठवावे.

आता मुलास होणारे लाभ. चार पर्यायांतून एक निवडण्याची आणि चुकल्यास एक गुण कापला जाईल या भीतीने कधीकधी काहीच न निवडण्याची सवय त्याला लहान वयात जडते, जी पुढे मतदानाच्या व विवाहाच्या प्रसंगी उपयोगी पडते. मामेबहिणीचे लग्न त्याला मोबाईलच्या पडद्यावर, अक्षतांचा कचरा डोक्यावर न पडता, पाहता येते. विहिरीत उडी मारण्याचा धोका टळतो. विहीर ही वस्तू भौतिकशास्त्रात, दगड किती सेकंदांनी पाण्याला लागेल या उदाहरणात भेटते, तेवढी पुरे. नरहर कुरुंदकरांसारखा मनुष्य, जो इंटरला नापास झाला, आणि तरी ज्याच्या व्याख्यानांस नांदेडकर दाटी करीत, व जो पुढे त्याच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, तसा अनियमित प्रकार पुन्हा उद्भवण्याची शक्यताही या व्यवस्थेत उरलेली नाही. तशी व्यक्ती आज कोणत्या फ्लेक्सवर बसवावी हा प्रश्नच होता.

क्वचित मूल हट्ट धरते. मामा मोटारसायकल घेऊन दारात उभा असतो, आणि मुलगा दाराच्या चौकटीला टेकून विचारतो, “अण्णा, मामा आलेत, चार दिवस जाऊन येऊ का?” अशा वेळी रागावू नये. शांतपणे म्हणावे, “रविवारची टेस्ट होऊ दे, मग बघू.” या उत्तराचे बळ असे की टेस्ट दर रविवारी असते. मामा समजूतदार असल्यास चहा पिऊन एकटा परत जातो. नसल्यास तो मुलाच्या हातात शंभराची नोट ठेवतो, जी झेरॉक्सच्या दुकानात खर्ची पडते.

जूनच्या मध्यास शाळा उघडते. तोवर वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम उन्हाळ्यातच उरकलेला असल्यामुळे मुलाला वर्गात नवे असे काही उरत नाही, आणि खिडकीबाहेर पाहत, बाकावर डोके टेकून, पुढच्या मुलाच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवीत तो आपली राहिलेली सुटी शाळेच्या वेळात वसूल करतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी एवढेही कष्ट घेऊ नयेत म्हणून कित्येक ठिकाणी नाव महाविद्यालयात व देह क्लासमध्ये अशी सोय होती. ती मोडण्यासाठी 2018 साली राज्य सरकारने विज्ञान शाखेस बोटाच्या ठशाची हजेरी सक्तीची केली. ठसा देऊन परत क्लासला जाता येते, हे फर्मान काढणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

पालकांस अखेरची विनंती अशी, की फीची पावती हरवू नये. धाकट्या भावंडाच्या प्रवेशाच्या वेळी ती दाखविल्यास थोडीबहुत सवलत मिळते, आणि धाकटे यंदा चौथीत गेले आहे.