गोडं पाणी, खारं पाणी आणि नंदूचं यंत्र

माझा आतेभाऊ नंदू मिशिगनला असतो आणि उन्हाळाभर तिथल्या तळ्यांच्या काठी मेटल डिटेक्टर फिरवतो. तळी म्हणजे पलीकडचा काठ दिसत नाही अशी, पण पाणी गोडं. यंदा नाशकात आला तो दोन यंत्रं घेऊन. एक घरचं, एक मित्राकडून उसनं. समुद्रावर कुठलं चालतं ते आजमावायचं आणि मग नवं घ्यायचं, असा बेत होता. आत्याने ती दांडी, ती तबकडी, तो हेडफोन नीट न्याहाळला आणि विचारलं, "एवढं हरवलंय तरी काय तुझं?"

गोड्या पाण्याची परीक्षा अर्थातच गंगेवर. (गोदावरी नकाशात. नाशिककर गंगेवरच जातो.) रामकुंडाच्या खालच्या अंगाला नंदूने घरचं यंत्र सुरू केलं, तर ते जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. नंदूचा चेहरा उजळला. पुढ्यात पेशव्यांचा खजिनाच असावा! खणलं, तर काळी वाळू.

ही वाळू आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची. तिच्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे कण असतात. पुस्तकात 'गोडं पाणी, साधं यंत्र' असं सोपं लिहिलेलं असतं, पण पुस्तक लिहिणाऱ्याची गोदावरीशी गाठ पडलेली नसते. शेवटी नंदूने तबकडी जमिनीवर खालीवर करून यंत्राला वाळूची ओळख करून दिली. मग ते शांत झालं. इतकं शांत, की त्याखाली नाणी होती तीही त्याला ऐकू येईनात.

शेजारी एक दहाबारा वर्षांचा पोरगा दोरीला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बांधून पाण्यात सोडत होता. दोरी वर आली की एकदोन रुपये चिकटलेले.

"काका, केवढ्याचं मशिन?"

नंदूने आकडा सांगितला. पोरगा दोरी धरून तसाच थांबला. मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, "रुपया, दोन रुपये स्टीलचे, ते येत्यात. पितळी पाचाला चुंबक चालत नाही. त्याला बुडी मारावी लागते."

धातुशास्त्राची इतकी सुटसुटीत शिकवणी मी कॉलेजातही घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खारं पाणी. आम्ही त्र्यंबक, जव्हारमार्गे बोर्डीला निघालो. वाटेत अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. नंदूला तिथून हलवणं कठीण झालं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. सातबाऱ्यावर जुनं नाव तसंच ठेवून वर नवं चढवावं तसा. "कुठल्या यंत्राने सापडली?" नंदूने विचारलं. मी म्हटलं, "1906 साली?" जव्हारचा घाट उतरेपर्यंत तो बोलला नाही.

बोर्डीला ओहोटी होती. समुद्र पार लांब, मधे ओल्या वाळूचं मैदान, मागे सुरूची झाडं. घरच्या यंत्राने ओल्या वाळूवर पाऊल ठेवताच पुन्हा गळा काढला. इथे दोष मिठाचा. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला अख्खा अरबी समुद्र धातूच वाटतो. मिठाकडे दुर्लक्ष कर म्हणून बजावलं, तर ते सोन्याच्या नाजूक साखळीकडेही दुर्लक्ष करतं, कारण दोघांचा आवाज जवळपास सारखा. म्हणजे जे हरवलं म्हणून घरात महाभारत होतं, नेमकं तेच त्याला ऐकू येत नाही.

मग उसनं यंत्र काढलं. हे विजेचा झटका सोडतं, क्षणभर थांबतं आणि मग कान देतं. तेवढ्यात मिठाची कुरकुर विरून जाते, धातूची मागे राहते. काळ्या वाळूलाही ते फारसं भीक घालत नाही. त्याचा अवगुण एकच: समदृष्टी. अंगठी काय आणि होडीचा गंजका खिळा काय, त्याला सारखेच प्रिय. नंदू ढोपरभर खड्डे खणत होता आणि खिळे गोळा करत होता. तिसरा प्रकार अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरून मीठ वजा करणारा. नंदू आता तोच घेणार म्हणतो. किंमत ऐकून मी शहाळंवाल्याकडे वळलो.

ऊन उतरेपर्यंत खिळ्यांखेरीज नऊ रुपयांची चिल्लर जमली. तेव्हा मी त्याला कायदा सांगितला. आपल्याकडे 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहाच.

"इथले जिल्हाधिकारी म्हणजे?"

"पालघरचे. अर्ज मराठीत लिही."

तेवढ्यात यंत्र पुन्हा कोकललं. नंदू खड्ड्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि दोन बोटांनी, अगदी जपून, वाळू बाजूला करू लागला. आतून निघाला बिअरच्या बाटलीचा बिल्ला. पालघर कचेरीचा एक अर्ज वाचला.